38 हजारांचा ग्रुप आणि रिकामा गल्ला

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याजवळ एका कुटुंबाची रोपवाटिका आहे. 2019 मध्ये त्यांनी गच्ची-बाल्कनीतल्या बागेसाठी फेसबुकवर मराठी ग्रुप काढला. आज 38 हजार सभासद, रोज साठ-सत्तर पोस्टी आणि फुकट राबणारे तीन ॲडमिन आहेत. ग्रुपमधून उत्पन्न मात्र नाहीच म्हणायचं. परवा एका खत कंपनीने एका पोस्टचे 1500 रुपये देऊ केले. घ्यावेत का? आणि नाही घ्यायचे, तर पैसे कुठून काढायचे?

आधी 1500 रुपयांचं सांगते. घेऊ नका. रक्कम लहान आहे ही गोष्ट वेगळीच. तुम्ही रोपं विकता, त्यामुळे उद्या कुणी विचारलं की गुलाबाला काय घालू, तर तुमच्या उत्तराला वजन आहे. ते वजन दीड हजारात दुसऱ्याच्या पिशवीवर ठेवायचं आणि पिशवीतला माल फसला की शिव्या मात्र तुम्ही खायच्या, हा सौदा मला तरी जमत नाही. कंपनीला काय उत्तर द्यायचं ते शेवटी लिहिलंय.

मी पुण्यात 2014 पासून असाच एक ग्रुप चालवते. त्याच्या जोरावर बियाणांचं छोटं दुकान उभं राहिलं. अलीकडे लोणची-मसालेवाल्या, हातमागाच्या साड्या विकणारे, एक सायकल दुरुस्तीवाला अशांना त्यांच्या ग्रुपमधून धंदा कसा काढायचा ते सांगत असते. यात जवळपास प्रत्येकाची पहिली चूक एकच असते. सभासदांचा आकडा म्हणजे गिऱ्हाईक असं ते धरून चालतात.

तुमचे 38 हजार आहेत कुठे? नागपूर, ठाणे, दुबई, बेळगाव इथल्या माणसाला साताऱ्याहून जास्वंदीचं रोप कसं पोचवणार? म्हणून पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर एक साधा मतदान-प्रश्न टाका: तुम्ही कुठल्या शहरात, आणि बाग कुठे, गच्चीत की बाल्कनीत की खिडकीत? उत्तरं आली की धंद्याचा नकाशा हातात येतो. पुणे-पिंपरी चिंचवड, सातारा, कराड, कोल्हापूर एवढा पट्टा धरला तर कदाचित दहा-बारा हजार माणसं कामाची निघतील. पुष्कळ झाली. माझं दुकान त्याहून कमी माणसांवर चाललंय.

दुसरी गोष्ट कळायला मला तीन वर्षं लागली. ग्रुपवर रोज बोलणारी माणसं फार थोडं विकत घेतात. ती स्वतः फांद्या खोचतात, बिया धरतात, एकमेकांना रोपं वाटतात. माझ्या बहुतेक ऑर्डरी अशा नावांनी आल्या जी मी कधी कॉमेंटमध्ये पाहिलीच नव्हती. ही माणसं मुकाट्याने वाचत असतात, आणि बोलकी माणसं बोलतात म्हणूनच ती ग्रुपवर टिकतात. तेव्हा बोलक्यांना 'काहीच घेत नाहीत' म्हणून कमी लेखू नका आणि अबोलांना 'निष्क्रिय' म्हणून काढून टाकू नका. मी एकदा तशी साफसफाई केली होती. चांगली दोनेकशे गिऱ्हाइकं हाकलली असतील.

आता मुख्य काम. एक वही घ्या, खरोखरची कागदाची. गेल्या दोन महिन्यांतल्या पोस्टी खाली-खाली वाचत जा आणि प्रत्येक प्रश्नापुढे रेघ मारा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सहाशे पोस्टी वाचल्या, दोन रविवार गेले. रेघा चार-पाच ओळींवरच साचत गेल्या: जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय, कढीपत्ता वाढत नाही, टोमॅटोची फुलं गळतात, मोगऱ्याला नुसती पानं, आणि 'माती कुठून आणू?'

या वहीतून माल ठरतो. उदाहरणार्थ जास्वंद. तो पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. लोकांना हवा असतो जुना मऊ ब्रश, बारीक फवारा मारणारी बाटली, आणि कितव्या दिवशी काय करायचं हे सांगणारा एक छापील कागद. ब्रश, बाटली, कागद एका पिशवीत घाला. कीटकनाशक मात्र सुट्या पुड्या बांधून विकू नका. त्याला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, कडुनिंबापासून केलेलं असलं तरी. ते कृषी सेवा केंद्रातून सीलबंद आणायला सांगा. खतांचंही तसंच. सेंद्रिय खतं 1985 च्या खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत येतात, तेव्हा घरचं गांडूळखत पाकिटात भरून नाव छापण्याआधी तालुका कृषी कार्यालयात एक चक्कर मारा. फळझाडांच्या कलमांचा परवाना तुमच्याकडे असेलच.

आणि 'माती कुठून आणू' या ओळीला हसू नका. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला एक घमेलं चांगली माती मिळणं खरंच अवघड आहे. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत कालवून भरलेली तयार कुंडी हा माझ्याकडचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त खपणारा माल आहे.

कढीपत्त्याचं उलट. थंडीत तो थांबतोच. लोक त्याला आंबट ताक पाजतात, गंजके खिळे पुरतात, आणि मार्च उजाडला की तो आपोआप फुटतो, मग श्रेय ताकाला जातं. इथे विकण्यासारखं काही नाही, तसं सांगून टाका. ज्याला मी जानेवारीत 'काही घेऊ नका, थांबा' म्हणाले तो जूनमध्ये माझ्याकडे आला, असं कितीदा तरी झालंय.

तुमच्यासारख्या रोपवाटिकेला सगळ्यात रोख पैसा देणारा मार्ग म्हणजे एकत्र मागणी. पद्धत अशी: सोमवारी यादी लावायची, वीस-पंचवीसच वस्तू, फोटो आपल्याच रोपवाटिकेतले, कुंडीशेजारी पट्टी ठेवून काढलेले, म्हणजे रोप किती इंचाचं ते दिसतं. गुरुवारी रात्री यादी बंद. पैसे आगाऊ, यूपीआयने. 'आल्यावर देतो' हा प्रकार पहिल्या दिवसापासून नाही. रविवारी सकाळी एक टेम्पो पुण्यात, दोन ठिकाणी दोन-दोन तास उभा. लोक येऊन आपापली रोपं घेऊन जातात. घरपोच द्यायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. रोपं कुरियरने मोडतात, आणि मोडलेल्या रोपाचा फोटो ग्रुपवर सकाळी आठला लागतो. बियाणं, खुरपी असलं न मोडणारं सामान मात्र एसटीच्या पार्सलने किंवा टपालाने खुशाल पाठवा.

हिशोब मांडून बघू. समजा 120 जणांनी सरासरी 650 रुपयांची मागणी केली. झाले 78,000. रोपं, कुंड्या, माती यांचा खर्च 43,000 धरा. टेम्पो आणि बरोबरचा माणूस 6,500. क्रेट, पिशव्या, नावांच्या चिठ्ठ्या 3,000. नुकसानीसाठी पाच टक्के, म्हणजे 3,900, वेगळे काढा. हातात राहिले 21,600. महिन्यातून एकदा केलं तरी खत कंपनीच्या चौदा पोस्टींएवढं झालं, आणि माल तुमचा, नाव तुमचं.

ते पाच टक्के का, तेही सांगते. 2018 मध्ये मी कोकोपीटच्या पाच-पाच किलोच्या विटांची अशीच एकत्र खरेदी केली. पुरवठादार नवा होता, दर चांगला होता. विटा धुतलेल्या नव्हत्या, त्यात क्षार भरपूर. पंधरा दिवसांत मिरच्या, वांग्याची रोपं कडेने पिवळी पडायला लागली. पहिला फोटो आला तेव्हा मी 'पाणी जास्त झालं असेल' असं उत्तर दिलं. अजून लाज वाटते त्याची. सातवा फोटो आल्यावर एक वीट घरी भिजवली, पाणी जिभेला लावलं तर खारट. त्या रात्री ग्रुपवर लिहिलं की चूक माझी, तपासून घ्यायला हवं होतं, ज्यांनी घेतलं त्या सगळ्यांचे पैसे परत. फोटो पाठवलेल्यांचेच नाही, सगळ्यांचे. तेवीस हजार गेले. पुरवठादाराने फोन उचलणं बंद केलं. पण पुढच्या वर्षीच्या यादीला दुपटीने मागणी आली. तेव्हापासून माल आधी घरच्या दोन कुंड्यांत महिनाभर वापरल्याशिवाय यादीत येत नाही, आणि पाच टक्क्यांना मी हात लावत नाही.

आता दुसऱ्यांचा माल. ग्रुपवर कुणी ना कुणी घरची ग्रो-बॅग, मडकी, शेणाच्या कुंड्या विकायला येणारच. सगळ्यांना बंदी घातली तर ते इनबॉक्समध्ये घुसतात आणि मोकाट सोडलं तर ग्रुपचा बाजार होतो. त्यावर आपल्याकडे जुना तोडगा आहे, आठवडी बाजार. शनिवारची एक पोस्ट, विक्रेत्यांनी तिच्याखालीच लिहायचं, एरवी नाही. आणि गावच्या बाजारात पावती फाडतात तशी जागेची पावती: बाजाराचे 100 किंवा महिन्याचे 300. टक्केवारी मागू नका. कुणाचं किती खपलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि टक्का घेतला की प्रत्येक भांडणात तुम्ही पक्षकार. पहिले तीन महिने फुकट ठेवा. गर्दी जमलेली दिसली की लोक पावती आपणहून फाडतात.

कार्यशाळा घ्या, पण ऑनलाइन नको, तुमच्याच रोपवाटिकेत. ऑनलाइन बागकाम शिकवणारे ढीगभर आहेत आणि त्यांची फी 99 रुपयांपर्यंत घसरलीय. पुण्याहून रविवारी साताऱ्याला यायला लोकांना निमित्तच हवं असतं. चाळीस जण, 800 रुपये, पिठलं-भाकरी, दोन तास कलम बांधण्याचं प्रात्यक्षिक. खरी विक्री जाताना होते. रिकाम्या डिकीची गाडी रिकामी परत जात नाही. मात्र एक व्यवस्था आधी करा: सावली आणि स्वच्छतागृह. आमच्या पहिल्या कार्यशाळेत दुसरं नव्हतं आणि निम्म्या बायका जेवणाआधी निघाल्या. ही गोष्ट कुठल्याही मार्केटिंगच्या पुस्तकात नाही.

वर्गणीचा खासगी व्हॉट्सॲप ग्रुप काढावा का, असंही लोक विचारतात. व्हॉट्सॲप एका ग्रुपमध्ये 1024 माणसं घेऊ देतं, पण सल्ल्याचा ग्रुप दीडशेच्या वर गेला की तुमची संध्याकाळ संपली. वर्षाची वर्गणी घ्या, महिन्याची नको. महिन्याला वर्गणी मागत बसणं हा दुसरा धंदाच होतो. बागेला तिन्ही ऋतूंत वेगळी कामं असतात, त्यामुळे वर्षाचं गणित लोकांना पटतं: जूनमध्ये वेलभाज्या, ऑक्टोबरपासून पालक-मेथी-कोबी, फेब्रुवारीत आच्छादन आणि ठिबक. तरीही माझ्या मते हे तुम्ही दुसऱ्या वर्षी करा.

यूट्यूबच्या जाहिरातींवर आत्ताच आशा ठेवू नका. जाहिरातीचा वाटा मिळायला 1000 सबस्क्राइबर आणि बारा महिन्यांत 4000 तासांचं पाहणं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. ते झाल्यावरही मराठी बागकामातून येणारे पैसे बघून तुम्ही पुन्हा खुरपं हातात घ्याल. व्हिडिओ करा, पण यादीतल्या मालाचं काम लोकांना दिसावं म्हणून. अफिलिएट लिंकांचंही, म्हणजे आपल्या लिंकवरून कुणी माल घेतला की कमिशन देणाऱ्यांचंही, तेच. चहापाणी सुटतं.

एक गिऱ्हाईक मात्र तुमच्या ग्रुपमध्ये लपलेलं आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. ते म्हणजे सोसायटी. मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवावा लागतो. तो जिरवला की खत तयार होतं, आणि ते खत घालायला झाडं लागतात. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प, सौर ऊर्जा, पर्जन्यसंचय करणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते, म्हणून सचिव-खजिनदारांना या विषयात मुळातच रस असतो. तुमच्या सभासदांपैकी पन्नास-साठ जण तरी आपापल्या सोसायटीच्या कमिटीवर असतील. ग्रुपवर एवढंच विचारा: 'कमिटीवर कोण कोण आहे? सोसायटीच्या बागेबद्दल एक बैठक फुकट करून देऊ.' माझ्या ओळखीच्या एका माळीकाम करणाऱ्या मुलाने यातून सहा सोसायट्यांची वार्षिक कामं मिळवली. हा मुलगा ग्रुपवर कधी जाहिरात करत नाही, नुसता रोगट पानांच्या फोटोंना उत्तरं देतो. एका सोसायटीचं वर्षाचं काम म्हणजे शेकडो सुट्या कुंड्यांची विक्री, आणि पैसे धनादेशाने, वेळेवर. बरं, जवळपास वेळेवर.

कंपन्यांची जाहिरात कधीच नको का? तसं नाही. घ्या, पण तुम्ही वापरलेल्याच वस्तूची, आणि पोस्टच्या पहिल्याच ओळीत 'जाहिरात' असा स्पष्ट शब्द लिहून. जाहिरात मानक परिषदेचे याबाबतचे नियम 2021 पासून आहेत, ग्राहक व्यवहार विभागाच्या सूचना जानेवारी 2023 मध्ये आल्या. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे फसव्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. 'मी फक्त पोस्ट टाकली' हे उत्तर चालत नाही. पैशांऐवजी वस्तू दिल्या तरी ते उत्पन्नच. 1 जुलै 2022 पासून वर्षाला 20,000 रुपयांवरच्या अशा लाभावर दहा टक्के कर कापून घेण्याचा नियम आहे. जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा. जिवंत रोपांवर कर नाही, पण प्लास्टिकच्या कुंड्या आणि कार्यशाळेची फी यांचं तसं नाही. बेळगावच्या सभासदाला करपात्र माल पाठवणार असाल तर आधीच विचारा, कारण कमी उलाढाल असलेल्याला जीएसटी नोंदणीतून मिळणारी सूट माल राज्याबाहेर गेला की तशी राहत नाही.

आता तुमच्या तीन ॲडमिनबद्दल. मी कंपन्यांपेक्षा यालाच जास्त घाबरते. आमच्या ग्रुपवर एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाईच म्हणायचे. पहाटे साडेपाचला उठून रात्रभराच्या पोस्टी मंजूर करायच्या, शिवराळ भाषा दिसली की 'बाळा, हे काढ' म्हणायच्या. चार वर्षं. मी पहिली विक्रीची यादी लावली, ती त्यांना न विचारता. त्यांनी ती मंजूर केली, खाली एक नमस्कार टाकला, आणि दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, 'अगं, राग नाही. मला वाटलं होतं आपण सगळे मिळून काहीतरी करतोय.' त्यांच्यासारखं कुणी पुन्हा मिळालं नाही.

म्हणून पहिली यादी लावायच्या आधी तिघांना रोपवाटिकेवर जेवायला बोलवा आणि समोरासमोर सांगा की इथून पुढे ग्रुपमधून आमचा धंदा होणार आहे. काय मिळेल ते ठरवा, महिन्याचं मानधन किंवा यादीच्या नफ्यातला ठरलेला वाटा. कुणी पैसे नको म्हणालं तर रोपं द्या, पण घेतल्याशिवाय जाऊ देऊ नका. मग ग्रुपवरही उघड लिहा: हा ग्रुप अमुक रोपवाटिका चालवते, महिन्यातून एकदा विक्रीची यादी लागेल, प्रश्न विचारणं आणि उत्तर मिळणं फुकट होतं तसंच फुकट राहील. शंभरेक जण सोडून जातील. जाऊ द्यात. आणि या वाक्याला जागा. ज्याने दुसऱ्याकडून रोप घेतलं त्याच्या प्रश्नालाही तेवढ्याच आपुलकीने उत्तर द्यायचं, एवढं सोपं आणि अवघड.

शेवटचं तांत्रिक. ग्रुप तुमचा असला तरी जागा फेसबुकची आहे. एका मसालेवाल्या ताईंचं खातं चोरीला गेलं आणि एकटी तीच ॲडमिन असल्यामुळे ग्रुप एका रात्रीत चष्मे विकायला लागला. तुमच्याशिवाय आणखी दोन विश्वासू माणसं पूर्ण अधिकाराची ॲडमिन ठेवा, तिघांच्याही खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. आणि प्रत्येक ऑर्डरीबरोबर नाव, मोबाइल, पिनकोड असलेली स्वतःची यादी वाढवत न्या, 'पुढच्या यादीचा निरोप पाठवू का?' असं विचारून, हो म्हटलं तरच. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी 256 जणांची असते आणि तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो, तेव्हा रोपं देतानाच समोर नंबर सेव्ह करून घ्या. ही यादी कुणालाही विकायची नाही, वाटायचीही नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आहेच, पण तो नसता तरीही.

खत कंपनीला असं लिहा: 'नमस्कार. आमच्या ग्रुपवर आम्ही स्वतः न वापरलेल्या मालाची पोस्ट टाकत नाही. आपल्या खताच्या दोन पिशव्या आम्ही दुकानातून विकत घेऊन रोपवाटिकेत पावसाळाभर वापरू. बरं वाटलं तर ऑक्टोबरमध्ये आम्हीच फोन करू. तेव्हा पोस्टवर जाहिरात असं लिहिलेलं असेल, आणि दर वेगळा असेल.'